दानाला डोळे देणारा व्यापारी : विल्यम ट्यूक

अन्नछत्र, पाणपोई, धर्मशाळा, शाळा, इस्पितळ यांसाठी सढळ हाताने देणारे दाते प्रत्येक समाजात आणि प्रत्येक काळात निपजले आहेत. भुकेल्याची भूक दिसते, तहानलेल्याची तहान कळते, मोडलेला हात गळ्यात बांधलेला दिसतो. मनाच्या व्याधीने ग्रासलेल्या माणसाचे दुःख मात्र असे डोळ्यांपुढे येत नाही. त्याची जखम दिसत नाही, घरचे लोक त्याच्याविषयी बोलण्यास संकोचतात आणि पुष्कळदा त्यालाही आपले दुःख शब्दांत मांडता येत नाही. अशा माणसासाठी दात्याची ओंजळ सहसा उघडत नाही. उघडली तरी ते दान त्याच्यापर्यंत पोहोचले की नाही हे पाहण्यास कोणी जात नाही.

इंग्लंडमधील यॉर्क शहरातील एका चहा-कॉफीच्या व्यापाऱ्याने दोन शतकांपूर्वी नेमक्या याच माणसासाठी झोळी हातात घेतली. विल्यम ट्यूक हे त्यांचे नाव. ते वैद्य नव्हते, विद्वान नव्हते, सत्ताधारी तर नव्हतेच. पेढी सांभाळणारे, हिशेबाला चोख असणारे आणि आपल्या धर्मबांधवांत मान असलेले ते एक गृहस्थ होते. तथापि मनोरुग्णांच्या पायांतील बेड्या काढण्याचा इतिहास जेव्हा जेव्हा लिहिला जातो, तेव्हा त्यांचे नाव आदराने घेतले जाते.

घराणे आणि पेढी

विल्यम ट्यूक यांचा जन्म २४ मार्च १७३२ रोजी यॉर्क येथे झाला. त्यांचे घराणे ‘सोसायटी ऑफ फ्रेंड्स’ अर्थात क्वेकर पंथाचे होते. हा पंथ सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये उदयास आला. प्रत्येक मनुष्याच्या अंतरंगात ईश्वरी प्रकाशाचा अंश आहे, ही त्याची मूळ श्रद्धा. क्वेकर लोक युद्धात भाग घेत नसत, हिंसा निषिद्ध मानीत, शपथ घेत नसत, साधी वस्त्रे वापरीत आणि प्रार्थनासभेत एकत्र मौन बसत. राजधर्माचा स्वीकार न केल्यामुळे या पंथीयांना विद्यापीठांची व सरकारी पदांची दारे बंद होती. साहजिकच त्यांची बुद्धी आणि उद्यम व्यापाराकडे वळले. घासाघीस न करता मालाचा एकच भाव सांगणे ही त्यांची रीत पडली आणि त्यामुळे त्यांच्या दुकानांवर ग्राहकांचा विश्वास बसला.

विल्यम यांना व्यापाराचे धडे मिळाले ते आपली आत्या मेरी ट्यूक यांच्याकडून. या बाईंचे धैर्य विलक्षण होते. १७२५ मध्ये त्यांनी यॉर्कमध्ये किराणा मालाचे दुकान थाटले. शहरात व्यापार करण्याचा परवाना देण्याचा अधिकार तेथील व्यापारी महामंडळाकडे होता आणि एकट्या स्त्रीला परवाना देण्यास महामंडळ राजी नव्हते. मेरीबाईंवर वारंवार दंड बसवला गेला, खटल्याची भीती घालण्यात आली. परंतु त्यांनी दुकान बंद केले नाही. कित्येक वर्षांच्या झगड्यानंतर अखेर महामंडळालाच नमते घ्यावे लागले. १७४६ मध्ये चौदा वर्षांचे विल्यम या आत्याच्या दुकानी उमेदवारीसाठी आले. १७५२ मध्ये आत्याचे निधन झाले आणि अवघ्या विसाव्या वर्षी सारा व्यवसाय त्यांच्या अंगावर पडला. त्यांनी तो नुसता टिकवला नाही, तर चहा, कॉफी व पुढे कोको यांच्या ठोक व्यापारात आपल्या पेढीचे नाव उत्तर इंग्लंडमध्ये प्रस्थापित केले. याच पेढीचा कोको विभाग १८६२ मध्ये हेन्री आयझॅक राउन्ट्री यांनी विकत घेतला आणि त्यातून पुढे जगप्रसिद्ध राउन्ट्री चॉकलेट कारखाना उभा राहिला.

व्यवसायात यश लाभले तरी घरात दुःख होते. १७५४ मध्ये एलिझाबेथ हॉयलंड यांच्याशी विवाह झाला. पण लहान मुलांना मागे ठेवून त्या १७६० मध्ये निवर्तल्या. १७६५ मध्ये विल्यम यांनी एस्थर मॉड यांच्याशी दुसरा विवाह केला. एस्थरबाई या पंथातील प्रभावी उपदेशिका होत्या. मुलींच्या शिक्षणासाठी १७८५ मध्ये यॉर्क येथे शाळा सुरू होण्यात त्यांचा पुढाकार होता. स्वतः विल्यम यांनीही १७७९ मध्ये सुरू झालेल्या ॲकवर्थ येथील शाळेच्या कामात मनःपूर्वक लक्ष घातले. याप्रमाणे वयाची साठी जवळ येईपर्यंत त्यांचे आयुष्य व्यापार, पंथाच्या सभा आणि शिक्षणसंस्था यांत व्यतीत झाले. ज्या कार्यामुळे त्यांचे नाव अजरामर झाले, त्याचा प्रारंभ अद्याप व्हायचा होता.

बंद दरवाजाआडचे दान

यॉर्क शहरात मनोरुग्णांसाठी इस्पितळ नव्हते असे नाही. १७७७ मध्ये तेथे एक भव्य इमारत उघडण्यात आली होती. ती लोकवर्गणीतूनच उभी राहिली होती. सरदार, धर्मगुरू आणि व्यापारी यांनी गरीब मनोरुग्णांच्या सोयीसाठी उदार मनाने देणग्या दिल्या होत्या. इमारतीचा दर्शनी भाग देखणा होता आणि तिचा शिल्पकार जॉन कार हा नामांकित होता. विश्वस्तांच्या यादीत थोरामोठ्यांची नावे झळकत होती. परंतु आतमध्ये काय चालते हे पाहण्यास सहसा कोणी जात नसे. हळूहळू श्रीमंत रुग्णांकडून मिळणाऱ्या पैशाकडे कारभाऱ्यांचे लक्ष लागले आणि ज्या गरिबांसाठी ती वास्तू बांधली होती ते मागे पडले. बाहेरच्यांना आत प्रवेश देणे रुग्णांच्या प्रकृतीस अपायकारक आहे, हे कारण पुढे करून दरवाजे बंद ठेवले जात.

१७९० च्या मार्च महिन्यात लीड्स येथील हॅना मिल्स या क्वेकर पंथातील विधवा बाईंना या इस्पितळात दाखल करण्यात आले. त्यांचे आप्त दूर राहत असल्याने त्यांनी यॉर्कमधील काही धर्मबांधवांना बाईंची विचारपूस करावी अशी विनंती केली. ही मंडळी भेटीस गेली. पण रुग्ण सध्या कोणास भेटण्याच्या स्थितीत नाहीत असे सांगून त्यांना परत पाठवण्यात आले. एप्रिलच्या अखेरीस हॅना मिल्स यांचा तेथेच मृत्यू झाला. त्या काय भोगून गेल्या हे कोणालाच कळले नाही.

या घटनेने यॉर्कचे क्वेकर अस्वस्थ झाले. आपल्या पंथातील रुग्णांसाठी आपणच एक निवासस्थान का काढू नये, असा प्रश्न विल्यम यांच्या कन्येने प्रथम घरात काढला असे ट्यूक घराण्यात सांगितले जाते. विल्यम यांनी तो मनावर घेतला. हॅना मिल्स यांना त्यांनी कधी पाहिले असण्याचा संभव नाही. न पाहिलेल्या एका विधवेच्या एकाकी मरणाने साठीच्या घरात आलेल्या या व्यापाऱ्याला स्वस्थ बसू दिले नाही, हेच त्यांच्या अनुकंपेचे खरे माप होय.

वर्गणीची योजना

मार्च १७९२ मध्ये यॉर्क येथील पंथाच्या त्रैमासिक सभेच्या अखेरीस विल्यम ट्यूक यांनी आपला प्रस्ताव मांडला. त्याचे स्वागत थंडपणेच झाले. आपल्या पंथात असे रुग्ण आहेत तरी किती, शहरात एक इस्पितळ असताना दुसऱ्याचा खर्च कशासाठी, देशभरचे वेडे यॉर्कमध्ये गोळा करून आपल्या शांततेचा भंग का करावा, असे आक्षेप निघाले. घरातही आरंभी एस्थरबाईंना ही कल्पना पतीच्या अनेक कल्पनांपैकी एक आणि फारशी यशस्वी न होणारी वाटली होती. विल्यम यांनी कोणाशी वाद घातला नाही. त्यांनी माहिती जमवली, खर्चाचे अंदाज काढले आणि पुढील सभेत पुन्हा तोच प्रस्ताव ठेवला. या वेळी तो संमत झाला. मूळचे अमेरिकन आणि यॉर्कजवळ स्थायिक झालेले व्याकरणकार लिंडली मरे यांचा त्यांना भक्कम पाठिंबा लाभला.

यापुढील योजनेत ट्यूक यांच्यातील व्यापारी पुरेपूर दिसतो. निव्वळ भावनेला आवाहन करून जमणारा पैसा लवकर आटतो हे ते जाणून होते. म्हणून त्यांनी निधीचे वेगवेगळे मार्ग आखले. ज्यांना परत काही नको होते त्यांच्याकडून देणगी घेतली. ज्यांना आपले भांडवल दान करायचे होते पण हयातीत त्याच्या उत्पन्नाची गरज होती, त्यांच्यासाठी आजन्म वार्षिकीची सोय ठेवली. म्हणजे दात्याने रक्कम संस्थेच्या स्वाधीन करावी, संस्थेने त्याला तो जिवंत असेपर्यंत दर साल ठराविक रक्कम द्यावी आणि त्याच्या पश्चात मूळ रक्कम संस्थेची व्हावी. ठराविक रकमेहून अधिक देणाऱ्या दात्याला अथवा स्थानिक सभेला एक गरीब रुग्ण कमीत कमी शुल्कात पाठवण्याचा हक्क देण्यात आला. त्यामुळे दूरच्या गावातील दात्यालाही आपले दान कोणत्या जिवाच्या उपयोगी पडते हे कळू लागले. शिवाय संपन्न घरातील रुग्णांकडून अधिक शुल्क घेऊन त्यातून गरिबांच्या खर्चाची तूट भरून काढण्याचे धोरण ठरले. जुन्या इस्पितळात श्रीमंतांच्या पैशाने गरिबांना मागे सारले होते. येथे त्याच पैशाने गरिबांना आधार द्यायचा होता.

पैसा सावकाश जमला. पुरेसा निधी हाती नसताना मोठे बांधकाम काढण्याचे धाडस अनेकांना नको होते. ट्यूक यांनी देशभरच्या धर्मबांधवांना पत्रे धाडली, सभांमधून विषय मांडला आणि धीर सोडला नाही. यॉर्कच्या वेशीबाहेर, उंचवट्यावरील मोकळ्या हवेची अकरा एकर जमीन घेण्यात आली. लंडनचे जॉन बेव्हन्स यांनी इमारतीचा आराखडा केला. दुर्दैवाने १७९४ मध्ये एस्थरबाईंचे निधन झाले. पतीचे स्वप्न साकार झालेले त्यांना पाहता आले नाही.

‘रिट्रीट’ : विसाव्याचे घर

१७९६ मध्ये सुमारे तीस रुग्णांची सोय असलेली वास्तू उघडण्यात आली. तिला इस्पितळ अथवा वेड्यांचे घर असे नाव द्यायचे नाही हे आधीच ठरले होते. विल्यम यांच्या सुनेने ‘रिट्रीट’ हे नाव सुचवले. वादळात सापडलेल्या जीवाने काही काळ थांबावे असे विसाव्याचे ठिकाण, हा त्यातील भाव.

इमारतीच्या बारीकसारीक गोष्टींत हाच भाव होता. खिडक्यांच्या तावदानांच्या चौकटी लोखंडाच्या केल्या, पण त्या लाकडी चौकटीसारख्या दिसाव्यात अशी काळजी घेतली. त्यामुळे सुरक्षितता राहिली आणि गजांचा भास टळला. सभोवती बाग, शेती आणि फिरण्यासाठी पायवाटा होत्या. रुग्णांच्या अंगणात ससे, कोंबड्या, सागरपक्षी, ससाणे पाळलेले होते. मुक्या जिवाला चारा घालताना, त्याच्याकडे लक्ष देताना स्वतःच्या दुःखात बुडालेले मन क्षणभर बाहेर येते, असा अनुभव तेथील मंडळींना आला.

उद्घाटनानंतर लगेचच एक संकट आले. व्यवस्थापक म्हणून नेमलेले टिमोथी मॉड अल्पावधीतच मरण पावले. योग्य माणूस मिळेना. तेव्हा चौसष्ट वर्षांच्या विल्यम ट्यूक यांनी जवळजवळ वर्षभर व्यवस्थापकाचे काम स्वतः केले. निधी जमवणारा, जमिनीचा व्यवहार करणारा हा प्रतिष्ठित व्यापारी रुग्णांमध्ये वावरला, त्यांचे रागलोभ सोसले, त्यांच्या जेवणाखाणाकडे पाहिले. १७९७ मध्ये जॉर्ज जेप्सन हे सेवाभावी गृहस्थ व्यवस्थापक म्हणून आले. स्त्री-विभागाची जबाबदारी कॅथरीन ॲलन यांनी घेतली. पुढे १८०६ मध्ये हे दोघे विवाहबद्ध झाले आणि अनेक वर्षे या दांपत्याने संस्थेचा संसार चालवला.

बेड्या व साखळ्या यांना रिट्रीटमध्ये थारा नव्हता. मारहाण, धाक, उपासमार या त्या काळी सर्वमान्य असलेल्या उपायांनाही नव्हता. एखादा रुग्ण स्वतःला अथवा दुसऱ्याला इजा करील अशी भीती असल्यास काही वेळ हात आवरून धरणारा अंगरखा घातला जाई किंवा त्याला शांत खोलीत ठेवले जाई. पण तेही अपवादाने. एका रुग्णाची हकीकत संस्थेच्या वृत्तांतात नोंदलेली आहे. चौतीस वर्षांचा हा धिप्पाड पुरुष याआधीही आजारी पडला होता आणि त्याला सतत साखळदंडांत ठेवले जात असे. इतके, की बेड्या न काढता उतरवता यावेत असे कपडे त्याच्यासाठी शिवले होते. रिट्रीटच्या दारात येताच त्याच्या बेड्या काढल्या आणि व्यवस्थापक जेवत बसले होते त्या खोलीत नेऊन त्याला त्यांच्या पंगतीला बसवले. तो शांतपणे जेवला. जेवणानंतर त्याला खोली दाखवून समजावण्यात आले, की त्याने स्वतःला आवरले तर बळाचा वापर करण्याची कोणाला इच्छा नाही. मधूनमधून त्याचा क्षोभ उसळे, तेव्हा व्यवस्थापक जाऊन त्याच्यापाशी बसत. सुमारे चार महिन्यांत तो बरा होऊन घरी गेला.

मनावाटे शरीर, शरीरावाटे मन

रिट्रीटचे पहिले वैद्य डॉ. थॉमस फाउलर हे नावाजलेले चिकित्सक होते. त्या काळी मनोविकारावर रक्त काढणे, फोड आणणारे लेप लावणे, जुलाब देणे असे उपाय प्रचारात होते. डॉ. फाउलर यांनी त्यांचा पडताळा घेतला आणि त्यांपैकी बहुतेकांचा गुण येत नाही असा प्रामाणिक निष्कर्ष काढला. आपल्याच विद्येच्या मर्यादा मान्य करणारा वैद्य संस्थेला लाभणे हे तिचे भाग्य. विषण्णतेच्या रुग्णांना कोमट पाण्याच्या स्नानाने मात्र आराम पडतो असे आढळले. क्षुब्ध रुग्णाला रात्री भरपेट जेवण दिल्यास अफूवाचून झोप लागते हेही ध्यानात आले.

शरीराची निगा राखली की मन निवळते आणि मनाला मान मिळाला की शरीर सावरते, हे सूत्र तेथे पुस्तकातून नव्हे, रोजच्या निरीक्षणातून हाती आले. म्हणूनच बागकाम, शिवणकाम, वाचन, फिरणे आणि नियमित दिनक्रम यांना औषधाइतकेच महत्त्व देण्यात आले. कधीकधी स्त्री-रुग्णांसाठी चहापानाचा समारंभ होई. त्या आपली चांगली वस्त्रे लेवून येत आणि पाहुणचाराचे सर्व शिष्टाचार पाळले जात. आपल्याकडे कोणी माणूस म्हणून पाहते आहे, या जाणिवेने त्यांचे वागणे पालटे. या पद्धतीला पुढे ‘मॉरल ट्रीटमेंट’ असे नाव पडले. त्याचा अर्थ नीतीचे पाठ देणे असा नसून मनाच्या मार्गाने केलेले उपचार असा होता. त्याच सुमारास पॅरिस येथे डॉ. फिलिप पिनेल व त्यांचे सहकारी पुसॅं यांनीही रुग्णांच्या साखळ्या काढण्याचा उपक्रम केला. यॉर्क व पॅरिस येथील कार्याचा आरंभ एकमेकांना ठाऊक नसताना झाला, हे विशेष.

या पद्धतीवर पुढील काळात टीकाही झाली. लोखंडी साखळीच्या जागी स्वतःच्या वागण्यावर सतत पहारा ठेवण्याचे दडपण आले, असा आक्षेप विसाव्या शतकातील विचारवंतांनी घेतला. त्यात तथ्य नाही असे म्हणता येत नाही. परंतु पंगतीत बसवलेला तो चौतीस वर्षांचा रुग्ण ज्या जगातून आला होता त्याकडे पाहिले, म्हणजे रिट्रीटने केवढा पल्ला गाठला हे उमगते.

वीस पौंडांची देणगी

ट्यूक यांच्या चरित्रातील सर्वांत बोधप्रद प्रसंग मात्र त्यांच्या स्वतःच्या संस्थेतील नाही; तो त्या जुन्या इस्पितळातील आहे. १८१३ मध्ये विल्यम यांचे नातू सॅम्युएल ट्यूक यांनी रिट्रीटच्या कार्याचा सविस्तर वृत्तांत ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. त्यात जुन्या इस्पितळावर उघड टीका नव्हती. तरी तेथील वैद्य डॉ. चार्ल्स बेस्ट यांना तो आपल्यावरील आरोप वाटला आणि त्यांनी वृत्तपत्रातून वाद सुरू केला. त्याच वेळी गॉडफ्री हिगिन्स या दंडाधिकाऱ्यांनी त्या इस्पितळात पाठवलेल्या एका गरीब रुग्णाचे हाल उघडकीस आले. चौकशीची मागणी झाली. परंतु विश्वस्त मंडळाने सारे काही ठीक आहे असा निर्वाळा दिला.

तेव्हा संस्थेच्या नियमांतच एक वाट सापडली. वीस पौंड देणगी देणारा कोणीही मनुष्य इस्पितळाचा विश्वस्त होऊ शकतो, असा तो नियम होता. देणगीदार वाढावेत या हेतूने केलेल्या या नियमाचा आधार घेऊन हिगिन्स, ट्यूक घराण्यातील मंडळी आणि शहरातील इतर अनेक सज्जनांनी प्रत्येकी वीस पौंड भरले आणि डिसेंबर १८१३ मध्ये ते विश्वस्त म्हणून सभेत येऊन बसले. दान देऊन त्यांनी नावाची शिला मागितली नाही. दरवाजाची किल्ली आणि वह्या पाहण्याचा अधिकार मागितला.

त्याच महिन्याच्या अखेरीस इस्पितळात आग लागून काही रुग्णांचा अंत झाला. तरी नव्या विश्वस्तांनी पिच्छा सोडला नाही. १८१४ च्या मार्चमध्ये हिगिन्स यांनी अकस्मात पाहणी केली. पाहुण्यांना कधीही न दाखवलेल्या कोठड्या त्यांना तेथे सापडल्या. त्या घाणीने भरलेल्या होत्या आणि लहानशा जागेत अनेक स्त्रिया कोंडलेल्या होत्या. हिशेबांत गफलती निघाल्या, मृत्यूंच्या नोंदी कमी दाखवल्याचे आढळले. त्या वर्षीच्या ऑगस्टपर्यंत जवळजवळ सर्व नोकरवर्ग दूर करण्यात आला आणि रिट्रीटच्या धर्तीवर नवी व्यवस्था लावण्यात आली. ज्या दरवाजातून २४ वर्षांपूर्वी हॅना मिल्स यांच्या विचारपुशीसाठी गेलेली मंडळी परत फिरली होती, तो दरवाजा अशा रीतीने उघडला.

लंडनच्या बेथलेम इस्पितळात जेम्स नॉरिस नावाच्या रुग्णाला अनेक वर्षे लोखंडी पट्ट्यांत जखडून ठेवल्याचे १८१४ मध्येच बाहेर आले होते. या दोन्ही प्रकरणांमुळे १८१५ मध्ये ब्रिटिश संसदेने चौकशी समिती नेमली. रिट्रीटचे उदाहरण समितीपुढे होते. मनोरुग्णाला साखळीवाचून सांभाळता येतच नाही, असे म्हणण्याची सोय आता उरली नव्हती. कारण वीस वर्षांची चोख नोंद तसे घडू शकते हे सांगत होती. १८४५ च्या कायद्याने इंग्लंडमधील मनोरुग्णालयांवर कायमची देखरेख आली.

येथे एक गोष्ट आवर्जून ध्यानात घेण्याजोगी आहे. यॉर्कची दोन्ही इस्पितळे दानातूनच उभी राहिली. दोहोंच्या दात्यांचे हेतू शुद्ध होते. एकात दात्यांनी पैसा दिला आणि पाठ फिरवली. दुसऱ्यात समितीची मंडळी नियमाने पाहणीस जात, स्त्री-विभागात स्त्रिया जाऊन विचारपूस करीत आणि दर वर्षी कामाचा व जमाखर्चाचा अहवाल देणगीदारांच्या हाती पडे. दोहोंत फरक पडला तो रकमेमुळे नव्हे, या जागरूकतेमुळे.

अखेर आणि वारसा

विल्यम ट्यूक यांना दीर्घायुष्य लाभले. अखेरच्या वर्षांत त्यांची दृष्टी गेली. तरी रिट्रीटविषयीची त्यांची आस्था कमी झाली नाही. ६ डिसेंबर १८२२ रोजी वयाच्या एक्क्याण्णवाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. सेवेचा वसा घराण्यात चार पिढ्या चालला. पुत्र हेन्री आरंभापासून बरोबर होते. नातू सॅम्युएल यांनी ग्रंथाद्वारे हे कार्य जगापुढे नेले. पणतू जेम्स हॅक ट्यूक यांनी आयर्लंडच्या भीषण दुष्काळात पीडितांना साहाय्य केले.

दुसरे पणतू डॉ. डॅनियल हॅक ट्यूक (१८२७-१८९५) हे नामवंत मनोविकारतज्ज्ञ झाले. मनाचा शरीरावर होणारा परिणाम आरोग्यात व रोगात कसा दिसतो, यावर त्यांनी १८७२ मध्ये मोठा ग्रंथ लिहिला आणि रोगनिवारणात मनाच्या या शक्तीचा डोळसपणे उपयोग करावा असे प्रतिपादन केले. पणजोबांच्या संस्थेत जे अनुभवाने कळले होते, त्याला पणतूने शास्त्राची बैठक दिली. १८८१ मध्ये ते मनोविकारचिकित्सकांच्या वैद्यकीय संघटनेचे अध्यक्ष झाले. याच संघटनेतून पुढे ब्रिटनमधील आजचे ‘रॉयल कॉलेज ऑफ सायकियाट्रिस्ट्स’ विकसित झाले.

अटलांटिकपलीकडेही हे बीज रुजले. फिलाडेल्फियाजवळ फ्रँकफर्ड येथे क्वेकर मंडळींनी १८१७ मध्ये रिट्रीटच्या नमुन्यावर रुग्णालय उघडले. कनेक्टिकट राज्यातील वैद्यकीय संघटनेने पुढाकार घेतला, लोकांकडून वर्गणी जमवली आणि १८२४ मध्ये हार्टफर्ड येथे मनोरुग्णालय सुरू केले. त्याचे नावही ‘रिट्रीट’च ठेवण्यात आले. मनाच्या आरोग्यासाठी वैद्य आणि दाते एकत्र आल्यास काय घडू शकते, याचे हे उत्तम उदाहरण होय.

यॉर्कच्या मूळ वास्तूत २०१८ पर्यंत, म्हणजे तब्बल २२२ वर्षे, रुग्णांची सेवा झाली. तेथील निवासी विभाग त्या वर्षी बंद झाला. भारतात मनोरुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळीने बांधण्यास कायद्याने स्पष्ट बंदी आली ती २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमाने. चहाच्या एका व्यापाऱ्याने १७९६ मध्ये आपल्या दारात जे केले, ते कायद्यात यायला इतका काळ लागला.

संस्थांच्या आयुष्यात वर्धापनदिन येतात, इमारती वाढतात, देणगीदारांच्या नामावल्या लांबतात. त्या आनंदात ट्यूक यांच्या चरित्रातील साधा व्यवहार विसरू नये. आपण दिलेला पैसा ज्याच्यासाठी दिला त्याच्यापर्यंत पोहोचला का, तो माणूस कसा आहे, त्याला भेटायला गेलेल्यासाठी दार उघडे आहे का, एवढे तीन प्रश्न दर वर्षी जमाखर्चाच्या वहीबरोबर ज्या संस्थेत विचारले जातात, तेथे दान जिवंत राहते. विल्यम ट्यूक यांनी हे प्रश्न आयुष्यभर विचारले आणि उत्तर शोधण्यासाठी स्वतः उठून गेले. अशा सत्पुरुषाच्या स्मृतीस विनम्र अभिवादन.